बारा मुलाखती, तीन नमुने आणि मधलं न लिहिलेलं वाक्य

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीची एक विद्यार्थिनी डिझाइनमध्ये पीएच.डी. करते आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत घरी बसून कोल्हापुरी चपलांच्या वेण्या विणणाऱ्या बारा बायकांशी ती बोलली, कामाचं चित्रीकरण केलं, बैठ्या टेबलाचे तीन नमुने करून त्यांना वापरायला दिले. तिसऱ्या नमुन्यावर बसण्याच्या ढबीचा रुला गुण (शरीराच्या ठेवणीवरून त्यावरचा भार जोखणारी ही एक पद्धत; गुण कमी तितका भार कमी) खाली आला, बायकाही ‘बरं वाटतंय’ म्हणाल्या. तरी प्रगती-सादरीकरणात समितीनं विचारलं, ‘यात काटेकोरपणा कुठं आहे? ही छान सांगितलेली गोष्ट झाली.’ एका सदस्यानं संख्या साठवर नेऊन सांख्यिकी चाचणी लावायला सांगितलं. दुसऱ्यानं सुचवलं की डिझाइनला ही मोजपट्टी लागूच पडत नाही असं ठणकावून लिहा. तिसरा ‘युक्तिवादाची रचना मांडा’ एवढंच म्हणून मोकळा झाला. ही रचना म्हणजे नेमकं काय, आणि तिनं भागेल का?

तिसऱ्याचं ऐका. पहिल्याचा सल्ला चुकीचा नाही, चुकीच्या जागी दिलेला आहे. साठ बायकांवर चाचणी लावलीत तर फार तर एवढं ठरेल की गुण योगायोगानं खाली आला नाही. पण तो खाली आला याबद्दल समितीत कुणी हरकत घेतलीच नव्हती. हरकत होती ती ‘गुण खाली आला म्हणून हे टेबल या कामाला योग्य’ या वाक्यातल्या ‘म्हणून’वर. दुसऱ्या सदस्याचं मात्र मुळीच ऐकू नका. ‘आमचं शास्त्र वेगळं’ म्हणून सुटका करून घेणारे प्रबंध मी बरेच वाचले आहेत; तोंडी परीक्षेत पहिल्या दहा मिनिटांत ते उघडे पडतात.

मी स्वतः या ‘म्हणून’नं पोळलेला माणूस आहे. शिकवायला लागण्याआधी मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जिग-फिक्श्चरच्या, म्हणजे यंत्रावर नग नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्यांच्या, डिझाइनमध्ये पंधरा वर्षं काढली. हायड्रॉलिक सिलिंडरच्या एका भागाचं ड्रिलिंग फिक्श्चर माझं होतं. दुसऱ्या पाळीत भोकं सरकायची, पहिल्या पाळीत नाही. मशीन तेच, फिक्श्चर तेच, ड्रॉइंग तेच. म्हणून दोष ऑपरेटरचा. मी तसा रिपोर्ट लिहिला, सही केली, आणि एका चांगल्या पोराचं नाव खराब झालं. तीन आठवड्यांनी उलगडा झाला. ओतीव नग छर्रे मारून साफ करणारं शॉट ब्लास्टिंग संध्याकाळी बंद व्हायचं, त्यामुळं दुसऱ्या पाळीला येणाऱ्या कास्टिंगवर वाळू चिकटलेली असायची आणि नग फिक्श्चरच्या लोकेटरवर, म्हणजे टेकणावर, किंचित तिरका बसायचा. माझा पुरावा सगळा खरा होता. खोटं होतं ते मी कधीच न लिहिलेलं वाक्य: ‘दोन पाळ्यांत माणूस सोडला तर काहीच वेगळं नाही.’ ते कागदावर असतं तर पहिल्याच फोरमननं हसत हसत खोडलं असतं.

युक्तिवादाची रचना तुम्हाला हे वाक्य लिहायला लावते. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९५८ मध्ये मांडलेला आराखडा यासाठी सगळ्यात जास्त वापरला जातो. त्यात सहा खण असतात. तुमचा दावा, तो ज्यावर उभा आहे तो पुरावा, पुराव्यावरून दाव्यापर्यंत नेणारा दुवा, ज्याला तो वॉरंट म्हणतो, त्या दुव्याला पाठबळ काय, दावा किती जोरानं करताय, म्हणजे ‘नक्की’ की ‘बहुधा’, आणि कोणत्या परिस्थितीत तो कोसळेल. टूलमिनचं गाजलेलं उदाहरण असं: हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो बहुधा ब्रिटिश प्रजाजन. दुवा काय, तर बर्म्युडात जन्मलेला माणूस सहसा ब्रिटिश प्रजाजन असतो. पाठबळ म्हणजे तसे कायदे. आणि अपवाद म्हणजे आईबाप दोघंही परके असतील, किंवा त्यानं पुढं अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर.

हे उदाहरण वर्गात शिकवताना आमच्या भागातली पोरं गालातल्या गालात हसतात, कारण जन्मगावावरून माणूस कुठला हे ठरवण्याच्या वादातच ती वाढलेली असतात. मी त्यांना माझ्या वडिलांचं सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एकाच घरात ते मुंबई इलाख्यात जन्मले, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले आणि १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटकात. उंबरा तोच. म्हणजे पुरावा तसूभर बदलला नाही; बदललं ते पाठबळ, राज्य पुनर्रचनेचा कायदा, आणि त्यासरशी निष्कर्ष फिरला. पाठबळ नावाचा खण वेगळा का ठेवायचा, हे यापेक्षा सोपं मला सांगता येत नाही. तुमच्या प्रबंधात पाठबळ म्हणून रुला उभी आहे. ती बदलली, किंवा ती तुमच्या कामाला पुरती लागू नसली, तर बारा बायकांचे गुण जागच्या जागी राहूनही तुमचा निष्कर्ष फिरेल.

आता तुमच्या कामाकडे वळू. तुम्ही पाठवलेलं चित्रीकरण मी तीनदा पाहिलं. जमिनीवर बसलेली बाई वादीचं, म्हणजे चामड्याच्या पट्टीचं, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबते, दोन्ही हातांनी वेणी घालत जाते, आणि वेणी सैल पडतेय असं वाटलं की हात न थांबवता पाय जरासा मागं ओढते. अंगठा हा तिचा वाईस, म्हणजे पकडीचा शिकंजा, आहे, आणि ताण कमी-जास्त करणारा वाईस आहे. तिसऱ्या नमुन्यात काम वर आलं, पाय खाली राहिला. तिथं एक आजी काय करतात बघा: वादीचं टोक थोडा वेळ टेबलाच्या कडेला कोपरानं दाबून बघतात, ते सुटतं, मग दातात धरतात. तुम्ही गुण दिलात तो त्याच्या पुढच्या क्षणाला, दोन्ही हात वेणीवर असताना. दात आवळून मान पुढं काढलेला क्षण तुमच्या तक्त्यात नाही.

यात तुमची लबाडी नाही, रुलाची नजरच तशी आहे. १९९३ मध्ये मॅकअटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी ती प्रसिद्ध केली ती हात, खांदे, मान यांवर येणारा भार पटकन जोखण्यासाठी. पायांसाठी तिच्यात दोनच पर्याय आहेत: टेकलेले आणि तोललेले, किंवा तसे नसलेले. ‘पाय काम करतोय’ असा खणच नाही. म्हणजे तुमच्या युक्तिवादाचा दुवा लिहायचा झाला तर तो असा होतो: ‘रुला गुण कमी झाला की या कामाचा शरीरावरचा भार कमी झाला.’ लिहून बघा आणि मोठ्यानं वाचा. अथणीतली कुठलीही बाई हा दुवा तोडेल, कारण तिच्या कामाचा एक तृतीयांश अवयव त्यात मोजलाच नाही. (एक तृतीयांश हे माझं लाडिक गणित: दोन हात, एक पाय.)

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पहिले दोन नमुने आतल्या खोलीत वापरले गेले. तिसऱ्या वेळी चित्रीकरण नीट यावं म्हणून तुम्ही टेबल सोप्यात, दाराशी आणलंत. आतल्या खोलीत अंधार, त्यामुळं वीण दिसायला मान वाकवावी लागते. दारात उजेड, मान आपोआप वर. मग गुण टेबलानं उतरवला की उजेडानं? आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, याला फार नेमका शब्द आहे, उपाधी. धूर दिसला तर डोंगरावर अग्नी आहे हे अनुमान चालतं, जसं स्वयंपाकघरात. पण उलटं, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं जळण लागतं, आणि ते ओलं जळण म्हणजे उपाधी: गुपचूप काम करणारी, आपण न मोजलेली अट. तुमच्या घरातलं ओलं जळण म्हणजे सोप्यातला उजेड. टूलमिनच्या अपवादाच्या खणात विद्यार्थी सहसा ‘नमुना लहान आहे’ असं सभ्य, कुणाला न बोचणारं वाक्य टाकतात. ते टाकू नका. तिथं उजेड लिहा.

पुरावा या खणाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आपल्या भागात तो दोन भाषांतून येतो आणि तिसऱ्या भाषेत लिहिला जातो. तुमच्या प्रबंधाच्या इंग्रजी तक्त्यात आठ बायकांपुढं ‘मानेत वेदना’ या अर्थाचा एकच शब्द आहे. ध्वनिमुद्रणात मात्र कुणी म्हणतं ‘मान दुखतीया’, कुणी ‘मान धरलीया’. कन्नड बोलणारी एक ‘कुत्तिगी नोय्तैती’ म्हणते, दुसरी ‘कुत्तिगी हिडकोंडैती’. नोय्तैती म्हणजे दुखते, हिडकोंडैती म्हणजे धरली, अवघडली. दुखणं आणि अवघडणं ही एक तक्रार नाही. अवघडलेली मान बराच वेळ एकाच स्थितीत राहिल्याची खूण असू शकते, आणि तसं असेल तर उपाय टेबलाच्या उंचीत नसून मध्येच उठण्यात असेल. म्हणजे बोललेल्या शब्दापासून तक्त्यातल्या शब्दापर्यंत येतानाच तुम्ही एक छोटा दावा करून बसलात, आणि त्याचाही दुवा लिहिलेला नाही. परिशिष्टात मूळ शब्द देवनागरीत आणि कन्नड लिपीत ठेवा, शेजारी अर्थ, आणि दोन अर्थ का एकत्र केले किंवा का नाही केले याची एक ओळ. हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण परीक्षक नेमकं इथंच बोट ठेवतो.

आता खरा मुद्दा, जो डिझाइनच्या प्रबंधांत सर्रास गोंधळतो. तुमच्या पाचव्या प्रकरणात दोन वेगळे युक्तिवाद एकमेकांत गुंतले आहेत. एक टेबलाबद्दलचा: उंची इतकी का, फळी कललेली का, लाकूड आंब्याचं का. दुसरा ज्ञानाबद्दलचा: हे सगळं करून असं काय कळलं, जे हे टेबल कधीही न बघणाऱ्या माणसालाही उपयोगी पडेल? पहिला युक्तिवाद कारखान्यातला डिझायनरही करतो, त्याला पीएच.डी. मिळत नाही. पहिल्यात टेबल हा निष्कर्ष असतो. दुसऱ्यात टेबल हा पुरावा असतो, आणि तोही बऱ्याचदा फसलेलं टेबल. दोन्हीसाठी वेगवेगळे कागद करा. एकाच कागदावर मांडायला गेलात की ‘बायकांना आवडलं’ हे वाक्य ज्ञानाच्या बाजूला सरकतं आणि प्रबंध विक्रीपत्रकासारखा वाचायला लागतो.

तुमच्याकडे दुसऱ्या कागदासाठी चांगला माल आहे, तुम्ही तो ओळखलेला नाही. मला दिसतो तो दावा असा: ‘जमिनीवर बसून होणाऱ्या हातकामात कामाची पातळी वर उचलायची असेल, तर पाय जे पकडण्याचं आणि ताणण्याचं काम करतो ते कुठं जाणार हे आधी ठरवावं लागतं, नाही ठरवलं तर ते दात, गुडघा किंवा कोपर यांच्यावर जातं.’ याला पुरावा काय? आजींचे दात, आणि पहिल्या नमुन्यावर ज्या बाईनं टेबल उलटं करून त्याच्या पायाला वादी बांधली ती. दुवा काय? पकड आणि ताण ही या कामाची गरज आहे, सवय नव्हे, म्हणून एका अवयवाकडून काढून घेतली की ती दुसरा अवयव शोधते. हा दुवा कितपत पसरतो? लाकूड पायात धरून तासणारा सुतार, बांबू सोलणारा बुरूड, यांच्यापर्यंत तो पोचायला हरकत नाही, कारण तो कारणावर उभा आहे, संख्येवर नाही. इथं बारा बायका पुरतात. उद्या तुम्हाला ‘अथणीतल्या बहुतेक विणणाऱ्या बायकांची मान दुखते’ असं म्हणायचं असेल तर बारा पुरणार नाहीत, साठ लागतील, आणि पहिल्या सदस्याला तेव्हा फोन करा.

व्याप्तीच्या बाबतीत आणखी एक खोड सांगतो. शीर्षकात तुम्ही ‘कोल्हापुरी चप्पल कारागीर’ लिहिलंय. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आठ जिल्हे आहेत: पलीकडचे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि अलीकडचे, कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कायद्यानं ते नाव एवढ्या मुलखाला लागतं. तुमचा पुरावा मात्र अथणीच्या दोन गल्ल्यांतला आहे, आणि तिथं वेणीचं काम घरात बायका करतात. जिथं तेच काम दुकानाच्या फळीवर बसून पुरुष करतात तिथं तुमचा दावा कसा वागेल? हे जोर ठरवण्याच्या खणात जातं. ‘घरी, जमिनीवर, इतर कामं सांभाळत विणणाऱ्या कारागिरांपुरतं’ असं लिहिलंत तर दावा लहान होतो हे खरं, पण तो ओढून तोडता येत नाही.

प्रक्रियेच्या नोंदीसाठी टूलमिन अडचणीचा आहे. तो तयार झालेल्या युक्तिवादाला शोभतो. नमुना करताना रोज जे वाद होतात त्यांना नाही. त्यासाठी रिटेल आणि कुन्झ यांची १९७० ची पद्धत बरी: आधी प्रश्न लिहायचा, त्याखाली त्या प्रश्नावरच्या वेगवेगळ्या भूमिका, आणि प्रत्येक भूमिकेखाली बाजूचे व विरोधी मुद्दे. हाच रिटेल पुढं १९७३ मध्ये वेबरबरोबर ‘चिघळलेल्या’ सामाजिक प्रश्नांबद्दल लिहून गाजला, ज्यांना शेवटचं उत्तर नसतं. नंतर १९९१ मध्ये मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न, पर्याय, निकष अशी आणखी आटोपशीर मांडणी केली. माझ्या विद्यार्थ्यांना मी यातलं कुठलंही सॉफ्टवेअर घेऊ देत नाही. दोनशे पानी वही, डाव्या पानावर प्रश्न आणि भूमिका, उजव्या पानावर मुद्दे, वर तारीख. खोडायचं ते एका रेघेनं, खालचं वाचता येईल असं.

तारखेवर मी अडून बसतो त्याला कारण आहे. पार्नास आणि क्लेमेंट्स यांचा १९८६ चा एक निबंध सॉफ्टवेअरवाल्यांत प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष काम कधीच तर्कशुद्ध क्रमानं होत नाही, तरी कागदपत्रं तसं झाल्यासारखी लिहावीत, आणि त्यात फायदा आहे, असं ते म्हणतात. पुढं ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला हा सल्ला चांगला आहे. प्रबंधाला तो घातक आहे. संशोधनात दुवा कधी सुचला, चित्रीकरण बघण्याआधी की नंतर, यावर त्याचं वजन ठरतं. तुम्ही पायाचं आता, माझं उत्तर वाचून लिहिणार. तर तसंच लिहा, ‘मूळ आराखड्यात हे नव्हतं, तिसऱ्या नमुन्यानंतर लक्षात आलं’. त्यानं दावा पडत नाही. त्याची पुन्हा परीक्षा घ्यायला हवी एवढंच ठरतं.

आणि अपवादाचा खण स्वतः भरू नका. स्वतःच्या दाव्यावर आपण मवाळ हरकतीच घेतो, हा मनुष्यस्वभाव आहे. जुन्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, आधी मांडायचा, आणि तो प्रतिपक्षानं मान डोलवावी इतका चांगला मांडायचा, अशी रीत होती. आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी आम्ही हे करतो: ज्याचा प्रबंध, तो गप्प बसतो, दुसरा त्याचा कागद घेऊन त्याच्याविरुद्ध अर्धा तास बोलतो. चहा येईपर्यंत उत्तर द्यायची परवानगी नाही. पहिल्यांदा पोरं रडकुंडीला येतात. हा दुसरा माणूस मास्तरच असावा असंही काही नाही. गेल्या खेपेला एकीनं तिच्या कागदावरची वाक्यं घरी आईला वाचून दाखवली, आणि आईनं टाकलेला प्रश्न शनिवारी आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

एक सावधगिरी. प्रबंधात हे आराखडे पानोपानी छापू नका. चौकोन आणि बाण बघून वाचणाऱ्याला काटेकोरपणाचा भास होतो, आणि त्या भासावर तरून जायचा मोह फार मोठा आहे. दुवा कच्चा असेल तर चौकोनात घालून तो पक्का होत नाही. मुख्य दाव्याचा एक आराखडा प्रकरणात, बाकी सगळे परिशिष्टात, आणि प्रकरणातलं गद्य मात्र त्या आराखड्यातून गेलेलं, एवढं पुरे.

पुढचं सादरीकरण कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण महिनाभर हातात असेल असं धरतो. अथणीला एकदा जाऊन या. तिसरं टेबल सोप्यातून आत घ्या, आणि जमिनीवरची बैठक बाहेर दाराशी आणा. म्हणजे उजेड आणि टेबल यांची अदलाबदल होईल. मग दोन्हीकडे गुण द्या, पण या वेळी क्षण तुम्ही निवडू नका. दर दोन मिनिटांनी चित्र थांबवा आणि जे दिसेल त्याला गुण द्या, दात असले तरी. आणि त्या आजींना चित्रीकरण दाखवून, त्या टोक तोंडात धरतात तिथं थांबवून, नुसतं विचारा की इथं काय झालं. त्या जे म्हणतील ते जसंच्या तसं वहीत उजव्या पानावर, तारखेसकट.